सरांच्या चुका

"परत चुकले?" झूमभाऊने दारातूनच विचारलं.

"कोण चुकलं? कुणी चुकलं नाही. तू आधी ते दार लाव, बाहेरचा गोंगाट आत येतोय," बटणताई म्हणाल्या आणि पडद्यावरची सरांची चूक त्यांनी एका झटक्यात कापून टाकली.

चूक तशी साधीच होती. गणिताच्या सरांनी फळ्यावर एक समीकरण मांडलं होतं, दोन्ही बाजूंना एकाच राशीने भागलं होतं आणि ती राशी शून्यही असू शकते हे साफ विसरून खुशाल पुढची ओळ लिहिली होती. बटणताईंचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा. पण इथे काहीतरी बिनसलंय हे कळायला गणित लागत नव्हतं. ओळ लिहून झाल्यावर सर खडू हातात धरून वळले होते आणि कॅमेऱ्याकडे बघत नुसते उभे राहिले होते. ना बोलणं, ना हलणं. बघवेना इतका वेळ ते तसेच उभे. मग एकदम समोरच्या रिकाम्या भिंतीला "हं, बरोबर, बरोबर" म्हणाले, ती ओळ पुसली आणि नव्याने लिहिली.

त्या रिकाम्या भिंतीशी बोलण्याचीच बटणताईंना धास्ती वाटायची. त्यांनी चुकीच्या ओळीपासून बरोबर ओळीपर्यंतचं सगळं उचलून बाजूला टाकलं, दोन टोकं जोडली, मधली उडी दिसू नये म्हणून फळ्याचं जवळून घेतलेलं चित्र वर चढवलं. आता सर कसे घडाघडा, न अडखळता शिकवत होते. बघणाऱ्याला वाटावं, काय माणूस आहे!

"ताई, मी कॅमेऱ्यामागे उभा असतो. मला दिसत नाही का?" झूमभाऊ खुर्ची ओढत म्हणाला. "प्रत्येक तासाला एकदा तरी होतंच. सरांच्या घरी कुणाला सांगायला नको?"

"खबरदार कुणाला सांगशील तर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बटणताई म्हणजे विद्यापीठाच्या अध्यापन साहाय्य केंद्रातल्या जुन्या जाणत्या. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. माइक बोलत नाही, प्रोजेक्टर दिसत नाही, ऑनलाइन परीक्षेचं पान उघडत नाही, की सगळ्या प्राध्यापकांच्या तोंडी एकच वाक्य: "बटणताईंना बोलवा." ताई जायच्या, एक बटण दाबायच्या, यायच्या. पारदर्शक कागदावर शाईने लिहून भिंतीवर पाडायचे, तेव्हापासून त्या या खोलीत होत्या. यंत्रं बदलली, टेबलं बदलली, ताई त्याच. आणि गणिताच्या सरांचा त्यांना मोठा आदर. कारण बाकीचे प्राध्यापक यंत्र चाललं नाही की ताईंवर खेकसत, सर मात्र यंत्राचीच समजूत घालत, "होईल बाळ, होईल, घाई नाही."

यंदा विद्यापीठाने घरून शिकणाऱ्यांसाठी नवी रीत काढली होती. ही सगळी नोकरी-धंदा सांभाळून पदवी करणारी माणसं. आधी ती रविवारी सरांच्या वर्गात येऊन बसत. आता सरांनी स्टुडिओत तास घ्यायचे, झूमभाऊने ते टिपायचे, ताईंनी काटछाट करून साइटवर चढवायचे, आणि ज्याने त्याने आपापल्या सवडीने बघायचे. कुणाकडे संगणक नसेल तर त्याने रविवारी विद्यापीठाच्या संगणक कक्षात येऊन बसावं. कागदावर सगळं कसं झकास होतं.

आणि स्टुडिओत पहिल्याच दिवशी सर चुकले होते.

आता तुम्ही म्हणाल, चुकले तर चुकले, सरळ सांगायचं, "सर, परत घेऊ." पण ताईंच्या घरी हे सगळं एकदा होऊन गेलेलं. त्यांचे वडील शिंपी होते. कापडाला नुसता हात लावून कोट बेतणारा माणूस, उतारवयात डावी बाही उजवीकडे जोडायला लागला. समोर कुणी नसताना गिऱ्हाइकाशी बोलायला लागला, "हं, बरोबर, लांबी थोडी जास्त झाली." ताई तेव्हा तिशीच्याही नव्हत्या. वडील जेवून आडवे झाले की त्या गुपचूप बाही उसवायच्या आणि नीट जोडून ठेवायच्या. गिऱ्हाईक खूश, वडील खूश. माणूस गेला तो आपला हात अजून तसाच आहे याच समाधानात गेला. आयुष्यात आपण एक काम अगदी बिनचूक केलं असेल तर ते हेच, असं ताईंना वाटे. आता सरांची बाही त्या उसवत होत्या, एवढंच.

पहिल्या चाचणीचा निकाल लागला आणि सगळं मुसळ केरात गेलं. घरून शिकणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त गणितात आपटले. इतकं वाईट कधीच झालं नव्हतं.

नव्या संचालकांनी सरांना आणि ताईंना आपल्या खोलीत बोलावलं. संचालक माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीची घाई. बसा म्हणायच्या आधी मुद्द्यावर यायचा.

"तयार अभ्यासक्रम विकणारी एक कंपनी आहे. चित्रं हलतात, संगीत आहे, सगळं चकाचक. दुसऱ्या चाचणीतही हाच निकाल आला, तर पुढच्या सत्रापासून आपण तेच घेणार. मग हा स्टुडिओ ठेवण्यात अर्थ नाही. बटणताई, तुमची सोय प्रवेश विभागाच्या खिडकीत करू. आणि सर, तुम्हाला तसंही एकच वर्ष उरलंय..."

"समजलं," सर म्हणाले. लगेच उठले.

बाहेर व्हरांड्यात मात्र ते थांबले. चष्मा काढून पुसत राहिले. "ताई, मी सगळे पेपर स्वतः तपासले. ज्या ज्या चुका मी तासाला दाखवल्या, नेमक्या त्याच त्यांनी करून ठेवल्यात. शून्याने भागलंय! इतकी वर्षं शिकवतोय, असं कधी झालं नाही. माझंच काहीतरी बिघडलंय बहुतेक."

ताई मनाशी म्हणाल्या: दाखवल्या म्हणे! बिचाऱ्याला आपण कुठे चुकतो आणि कुठे दाखवतो, याचंही भान राहिलेलं नाही. "तुमचं काही बिघडलेलं नाही, सर," त्या ठासून म्हणाल्या आणि खोलीवर येऊन राहिलेले तास आणखी बारकाईने घासायला बसल्या. खोकला कापला. "अं" कापलं. थांबणं तर चिमटीत पकडून कापलं. करावं तितकं थोडं, असं झालं होतं त्यांना.

घरी नवऱ्यापुढे मन मोकळं केलं. नवरा पाण्याच्या टाक्या बसवायच्या धंद्यातला, सरळ पाइपसारखा बोलणारा. तो म्हणाला, "तू इतकं स्वच्छ करतेस, तरी पोरं आपटतात. मग घोडं पेंड कुठे खातंय, ते आधी बघ की. टाकी गळत असली तर मी रंग देत बसतो का?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," ताई म्हणाल्या. पण शब्द डोक्यात राहिला.

दोनच दिवसांनी मोठ्या सभागृहातून निरोप आला: गणिताच्या तासाला माइक बंद पडलाय. हा सरांचा नेहमीचा, समोर बसणाऱ्या मुलांचा तास. ताई गेल्या, सरांच्या कॉलरचा माइक काढला, सेल बदलला, परत लावला. एरवी त्या तिथूनच मागे फिरत. तास सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचं, हा त्यांचा इतक्या वर्षांचा शिरस्ता; त्यामुळे अख्ख्या विद्यापीठात त्यांनी एकही तास पुरता ऐकलेला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण आज शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का ते बघावं म्हणून त्या मागे जाऊन दाराजवळ उभ्या राहिल्या.

सर रंगात होते. फळ्यावर लहान-मोठ्याचं चिन्ह घालून एक गणित मांडलं. "आता दोन्ही बाजूंना उणे दोनने भागू," म्हणाले आणि भागलंही. ताईंचे डोळे विस्फारले. हे गणित त्यांनी गेल्याच आठवड्यात स्टुडिओच्या तासातून कापलं होतं! उणे संख्येने भागलं की चिन्ह उलटं फिरवायचं असतं, हे सरांनी दुसऱ्यांदा लिहिताना सांगितलं होतं, म्हणून त्यांच्या लक्षात राहिलेलं. आणि आत्ता चिन्ह फिरलेलं नव्हतं.

सर वळले. खडू हातात. वर्गाकडे बघत नुसते उभे.

भरलेलं सभागृह. चिडीचूप. ताईंनी इकडे तिकडे बघितलं. स्टुडिओत चार भिंती असतात, इथे शंभर डोळे. इथे कात्री कुठून आणायची? आता कुणीतरी फिदीफिदी हसणार, कुणीतरी मोबाइल वर धरणार, आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे बोभाटा. एक क्षणही त्यांनी विचार केला नाही. शेजारी भिंतीवर दिव्यांची बटणं होती. त्यांनी तळहाताने सगळी एकदम खाली ओढली.

सभागृहात काळोख झाला.

आणि त्या काळोखातून, पुढच्या रांगेतून एक मुलगी ओरडली, "सर, चिन्ह! चिन्ह फिरवायचं राहिलं!"

"मी आधी बघितलं होतं!" दुसरीकडून कुणीतरी.

"मग बोलला का नाहीस? आता काय उपयोग?" तिसरा. आणि हशा, टाळ्या, बाकं बडवणं. काळोखात माइकवरून सरांचा आवाज खणखणीत आला, "शाब्बास! अंधारातसुद्धा पकडलंत! चूक पकडेल ती राणी, आज तुम्ही. पण दिवे घालवणाऱ्या महाराणी कोण?"

ताईंनी दिवे लावले. समोर बघतात तो काय, सगळा वर्ग बाकावर पुढे सरकून, माना ताणून बसलेला. एकाचाही मोबाइल बाहेर नाही. सर फळ्याशी मिश्कील हसत उभे, जिंकलेल्या पोरासारखे.

"अहो, सर मुद्दाम करतात," शेजारचा विद्यार्थी त्यांना म्हणाला. "रोज एक चूक पेरतात. मग थांबतात. आपण पकडेपर्यंत पुढे जात नाहीत. एकदा अर्धा तास थांबले होते. तुम्हाला माहीत नाही?"

आधी ताईंचा जीव भांड्यात पडला. सर धडधाकट आहेत! डोकं तल्लख आहे! आनंदाने त्यांना तिथल्या तिथे रडू यायला लागलं. आणि मग, दाराबाहेर पडता पडता, बाकीचं ध्यानात आलं. स्टुडिओतल्या त्या रिकाम्या भिंतीत सरांना हा वर्ग दिसत होता. ते त्याच्यासाठी चुकत होते, त्याच्यासाठी थांबत होते. आणि आपण बसून ते सगळं वेचून वेचून काढून टाकलं.

तास सुटल्यावर त्या सरांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

"बसा, महाराणी," सर हसत म्हणाले. "दिवे तुम्हीच घालवलेत ना? का बरं?"

"सर, मी तुमच्या चुका कापल्या."

"म्हणजे?"

"घरून शिकणाऱ्यांच्या तासांतल्या. सगळ्या. आणि तुमचं थांबणंही. त्यांना एकही चूक दिसलेली नाही. मी काम फार सफाईने करते, सर."

सरांचं हसू मावळलं. ते खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ काही बोलेनात, आणि आता या थांबण्याचा अर्थ ताईंना कळत होता, म्हणून ते आणखीच जड जात होतं.

"ताई, तुम्ही माझा तासच कापलात," शेवटी ते म्हणाले. "उरलं ते नुसतं गणित. ते काय, पुस्तकातही आहे." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि मी इकडे स्वतःला खात होतो! रात्रंदिवस! पेपर बघून मला वाटलं, मला शिकवताच येत नाही! का केलंत असं? एका शब्दाने विचारलं का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला विसर पडायला लागलाय."

"काय?"

मग ताईंनी वडिलांचं सगळं सांगितलं. बाह्या, उसवणं, रिकाम्या खोलीतली गिऱ्हाइकं, सगळं. आजवर नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. सर ऐकत होते. राग चेहऱ्यावरून हळूहळू उतरला.

"त्यांना कधीच कळलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मला नाही तसं वाटत. शिवणारा माणूस आपला टाका ओळखतो. त्यांना कळलं असणार. कळूनही गप्प राहिले असणार, लेकीला बरं वाटावं म्हणून."

ताईंनी पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि त्या शांत होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. घाई नव्हतीच त्यांना कधी.

"आता पुढचं बोला," मग ते म्हणाले. "कापलेलं गेलं का?"

"छे! कापलेलं मी कधी फेकत नाही. मूळ सगळं जसंच्या तसं आहे."

त्याच दुपारी सर पहिल्यांदा ताईंच्या खोलीत आपलेच तास बघायला बसले. स्वतःचा चेहरा पडद्यावर बघायचं म्हणजे त्यांना शिक्षाच, म्हणून आजवर एकही बघितला नव्हता. बघितला असता तर ही वेळ आलीच नसती. पण तेही आपल्या जागी शहाणे. ताईंनी एका तासातली चूक आणि थांबणं परत जोडलं आणि झूमभाऊला विद्यार्थी म्हणून समोर बसवलं. चूक आली. सर पडद्यावर थांबले. झूमभाऊने क्षणभर बघितलं आणि बोटाने पुढे ढकललं.

"अरे, ढकललंस काय!" सर खेकसले.

"मला वाटलं अडकलं," झूमभाऊ म्हणाला. "घरी कोण थांबतंय, सर? पुढे सरकतंय तर सरकवायचं."

खरंच होतं ते. वर्गात सरांना कुणी पुढे ढकलू शकत नव्हतं. इथे एका बोटाचं काम. ताई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "सर, साइटवर एक सोय आहे. मध्ये प्रश्न घालता येतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे ती कुणी धड वापरत नाही, सगळे आपले 'समजलं का, हो किंवा नाही' विचारतात आणि पोरं डोळे मिटून 'हो' दाबतात. आपण प्रश्नच नको विचारायला. फळ्यावर जिथे चूक आहे, तिथे बोट ठेवायचं. बरोबर जागी बोट पडलं की तुम्ही पुढे बोलायला लागाल. नाही पडलं तर थांबाल."

सर खुर्चीतून उठलेच. "आणि चुकीच्या जागी बोट ठेवलं तर?"

"लाल फुली येते. आणि घड्याळ चालतं."

"फुली नको. घड्याळ तर मुळीच नको. मी वर्गात घड्याळ लावून उभा राहतो का? आणि माझा पुतळा करू नका. मी थांबतो तेव्हा माझे डोळे चालू असतात."

म्हणजे सरांचं थांबणं वेगळं टिपायला हवं होतं. एक तुकडा, जो पुन्हा पुन्हा फिरत राहील आणि सांधा दिसणार नाही. आणि हे काम गणितापेक्षा अवघड निघालं. ज्या माणसाने आयुष्यभर वाट बघितली, त्याला "सर, वाट बघा" म्हटल्यावर ते जमेना. एकदा ते छायाचित्राला उभे राहिल्यासारखे ताठले, एकदा हसूच फुटलं, एकदा म्हणाले, "हात कुठे ठेवू? एरवी कुठे असतात माझे हात?" ताई कपाळाला हात लावून बसल्या. शेवटी झूमभाऊनेच मार्ग काढला.

"सर, मला एक कोडं घाला."

सरांनी घातलं. झूमभाऊने कॅमेरा चालू ठेवला आणि डोकं खाजवायला लागला. त्याला खरोखरच येत नव्हतं. आणि सर खरोखरच वाट बघायला लागले: खडू बोटांत फिरवत, मान किंचित कलती, डोळ्यांत "येईल, तुला येईल" असा भाव. मध्येच त्यांनी नाक खाजवलं, तेही राहू दिलं.

"मिळालं!" ताई आनंदाने ओरडल्या.

"मला अजून नाही मिळालं," झूमभाऊ म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले.

सरांचं 'शाब्बास'ही वेगळं टिपून घेतलं आणि दुसऱ्या चाचणीच्या आधी सगळे तास नव्याने चढले. कुणकुण लागताच संचालक तणतणत संगणक कक्षात आले. "बाई, तुम्ही तास अडवून ठेवताय? नोकरी करणारी माणसं ही, वेळ कुठे आहे त्यांना? पळून जातील सगळी!" ताईंनी वाद घातला नाही. एक खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "एकदा बसून बघा, साहेब."

संचालक बसले. चूक आली, सर थांबले. संचालकांनी फळ्यावर इथे तिथे बोट टेकवलं. काही झालं नाही. पुढे ढकलून बघितलं, जाईना. घड्याळाकडे बघितलं. पडद्यावर सर नाक खाजवत होते. संचालकांनी मग कोट काढून खुर्चीवर टाकला, खिशातलं पेन काढलं, कुणाचा तरी कागद ओढून घेतला. आजूबाजूचे विद्यार्थी चोरून बघायला लागले. आणि एकदम त्यांनी टेबलावर थाप मारली, "अरे, वर्गमूळ! वर्गमूळ उणेही असतं!" बोट टेकलं. पडद्यावरचे सर फुलले: "शाब्बास! मला ठाऊक होतं, तुम्हाला सापडणार."

संचालक त्या "शाब्बास"ने कानापर्यंत लाल झाले. बऱ्याच वर्षांत त्यांना तसं कुणी म्हटलं नसावं. कोट घालत, शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले, "निकाल बघू." पण दारातून मागे वळून विचारलं, "घरून बघता येतं ना हे?"

निकाल लागला त्या दिवशी सर जिने धावत चढून आले. छाती भात्यासारखी वरखाली, हातात पेपरांचा गठ्ठा, तोंडातून शब्द फुटेना. ताईंनी आधी खुर्ची दिली.

"शून्याने... शून्याने भागणारे... ताई, दिवा घेऊन शोधावे लागताहेत!" आणि गठ्ठा टेबलावर आपटून लहान मुलासारखे हसायला लागले. जवळजवळ सगळे पास. त्यातही एकाने पेपराच्या तळाशी लिहिलं होतं, "सर, प्रश्न चारमध्ये तुमची चूक आहे का, की खरंच असंच आहे?" सर म्हणाले, "खरंच माझी होती! न पेरलेली!" आणि त्याला पूर्ण गुण दिले.

मग काय विचारता! कंपनीचा प्रस्ताव कचऱ्याच्या टोपलीत, आणि स्टुडिओच्या दाराशी प्राध्यापकांची रांग. इतिहासाच्या बाईंना लढाई भलत्याच राजाला जिंकून द्यायची होती. कायद्याच्या सरांना निर्दोष माणसाला फाशी सुनवायची होती. रसायनाचे सर मात्र म्हणाले, "माझी चूक वेगळ्या खोलीत टिपा, इमारत जुनी आहे." प्रत्येकाच्या थांबण्याचा तुकडा टिपायचा, तर झूमभाऊला न येणारी कोडी संपायला आली. ताई केंद्रात कामाला आलेल्या नवीन माणसाला पहिल्या दिवशी एवढंच सांगायच्या, "काही कापायच्या आधी मला विचार. आणि मला कापायचं असेल, तर मी शिकवणाऱ्यांना विचारेन."

वर्षअखेरीला सर निवृत्त झाले. निरोपाची भाषणं झाली, तिथेही त्यांनी मुद्दाम एक आकडा चुकीचा सांगितला आणि सगळं सभागृह ओरडेपर्यंत थांबले.

नव्या सत्रातल्या एका रविवारी ते सहज म्हणून विद्यापीठात आले. ताई त्यांना संगणक कक्षाच्या दाराशी घेऊन गेल्या. आत नवी मंडळी बसली होती. जवळजवळ प्रत्येक पडद्यावर सर. कुठे लिहीत होते, कुठे पुसत होते, कुठे थांबले होते. आणि कक्षात मधूनच कुणाच्या तरी तोंडून "हात् तिच्या!" निघत होतं.

सर हरखून बघत राहिले. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे गणवेशातला एक बसचालक बसला होता, पोक्त वयाचा, कामावरून थेट आलेला. त्याच्यासमोरचे सर कधीचे थांबले होते. तो जाड बोट पडद्याजवळ न्यायचा, परत मागे घ्यायचा, कागदावर काहीतरी लिहायचा, खोडायचा.

सरांना राहवेना. "अहो, तिसरी ओळ," ते दारातूनच पुटपुटले. "तिसरी ओळ बघा ना, कंस..." आणि चक्क आत निघाले.

ताईंनी त्यांची बाही धरली. "सर, गप्प. ते पडद्यावर थांबलेत ना? मग तुम्हाला कसली घाई?"

सर ओशाळले. भिंतीला टेकून उभे राहिले. पडद्यावरचे सर खडू फिरवत होते, मान किंचित कलती, यत्किंचितही न कंटाळलेले. कोपऱ्यात तो माणूस गुणाकार पुन्हा पहिल्यापासून करत होता. एकेक जण उठून गेला, कक्ष अर्धा रिकामा झाला. मग त्याचं बोट सावकाश वर गेलं आणि तिसऱ्या ओळीवर, कंसावर टेकलं.

"शाब्बास! मला ठाऊक होतं, तुम्हाला सापडणार."

"थँक्यू, सर," बसचालक पडद्याला म्हणाला, अगदी मनापासून.

मागे, भिंतीपाशी, सरांचा हात 'असू दे' म्हणत सवयीने वर गेला. बसचालकाने वळून बघितलं नाही. पडद्यावर चौथी ओळ सुरू झाली होती आणि तो ती उतरवून घेत होता.